बाटली आटवताना

सकाळपासून तेराव्यांदा सिपर फरशीवर आपटला आणि हर्षदाबाईंनी मोजणं सोडून दिलं. उंच खुर्चीत बसलेली मही वाकून खाली बघत होती. पंधरा महिन्यांची पोर, पण फेकण्याचा जोर असा की मिरजेच्या कुठल्याही क्रिकेटच्या संघाने तिला डोळे झाकून घेतलं असतं. पाण्याचं थारोळं झालं होतं. महीने ओट्याकडे बोट केलं आणि ओठांचा चंबू करून चोखल्यासारखा आवाज काढला.

ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, बाटली तिच्या बैठकीवर उभी होती. बुडाभोवती हिरव्या उजेडाचं कडं होतं. त्या काळात, म्हणजे दोन हजार बावन्न साली, दर तिसऱ्या घरात अशी बाटली असे, त्यामुळे तिचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं. पावडरचं दूध लोक प्रवासापुरतं वापरत. घरी असे ते पेशीदूध. बाळंतिणीच्या दुधाबरोबर तिच्या अंगातल्या काही जिवंत पेशीही वाहून येतात. त्या वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या आणि लाडवाएवढ्या एका सच्छिद्र गोळ्यात वसवायच्या. या गोळ्याला गाभा म्हणत. तो बाटलीच्या बुडाशी बसे. त्याला रोज साखर, क्षार आणि प्रथिनांचं पातळ खाद्य भरलं की तो दूध तयार करी, आणि ते दूध अगदी आईच्या अंगावरच्यासारखं असे, कारण तयार करणाऱ्या पेशी आईच्याच असत.

खरी करामत पुढेच होती. बाळ ओढतं तेव्हा त्याची थोडी लाळ उलटी आत जाते. गाभ्यातल्या पेशी ती चाखतात. बाळाला सर्दी होऊ घातली असेल, पोटात काही बिनसलं असेल, तर त्यांना ते घरातल्या माणसांच्या आधी कळतं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधात त्याचा बंदोबस्त होऊन येतो. या निरोपाला शास्त्रज्ञांनी लाळवार्ता असं नाव दिलं होतं. हर्षदाबाईंना या सगळ्याचं फार आश्चर्य वाटलं नव्हतं. शिरोळकडच्या एका दूध संकलन केंद्रावर त्यांनी तीस वर्षं दुधाची फॅट मोजली होती. कुणाच्या म्हशीला कडबा कमी पडतोय आणि कुणाची गाय आजारी पडणार आहे, हे त्या दूध जिभेवर ठेवून सांगत.

पण या बाटलीतल्या गाभ्यात केतकी होती.

केतकी म्हणजे हर्षदाबाईंची एकुलती एक मुलगी, महीची आई. बोगद्यांच्या कामावर इंजिनिअर होती आणि महिन्याचे पंधरा दिवस हिमाचलात असे. कामावर परत जाता यावं म्हणून मही दीड महिन्याची असताना तिने पेशीदूध केंद्रात जाऊन पेशी दिल्या. मही चार महिन्यांची असताना घाटात तिची जीप दरीत गेली. अस्थी कृष्णेत सोडल्या, दहावा झाला, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी हर्षदाबाईंनी सवयीने बाटलीत खाद्य भरलं आणि तासाभरात ती कोमट दुधाने भरली. तेव्हा त्या ओट्याला धरून खाली बसल्या होत्या. त्याला आता अकरा महिने झाले होते.

सिपरचं हे युद्ध सुरू झालं होतं ते केंद्रातल्या डॉक्टर अल्फिया मुजावर यांच्यामुळे. बाई तिशीतल्या, गाभ्यांवरच संशोधन करणाऱ्या, बोलायला मोकळ्या. मागच्या आठवड्यात त्यांनी महीचं रक्त तपासलं, ओठ वर करून दात बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हिमोग्लोबिन साडेसात. वरच्या चारही दातांवर डाग. मावशी, दिवसातून किती वेळा बाटली देता हिला?”

“सहा.”

“सात,” ओजस म्हणाला. हर्षदाबाईंचा जावई शाळेत गणित शिकवायचा आणि एरवी फारसं बोलत नसे, पण आकडा चुकलेला त्याला चालायचा नाही.

“दूध उत्तम आहे, पण त्यात लोह जवळपास नसतंच. पोट दुधाने भरल्यावर ही भाकरी-भाजी कशाला खाईल? वर्षाच्या आत सोडवायला हवं होतं. आता दर चार दिवसांनी एक बाटली कमी करा. त्या वेळेला सिपर. आधी दुपारची, झोपतानाची सगळ्यात शेवटी. रक्त आणखी उतरलं तर भरती करावं लागेल.”

“बाटलीतलंच दूध सिपरमध्ये ओतून दिलं तर?” हर्षदाबाईंनी हा प्रश्न घरूनच घोळवत आणला होता.

“त्याने रक्त नाही वाढणार. शिवाय गाभा ओतून घेण्यावर जगत नाही, मावशी. त्याला ओढ लागते, लाळ लागते. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही दुधातल्याच. गाय पिळायची बंद केली तर काय होतं?”

“आटते.”

“तसंच. फक्त गाय पुढच्या वेताला परत दूध देते, कारण कास गाईला लागलेली असते. इथे पेशी आटल्या की संपल्या.”

ओजसने महीचं टोपरं नीट केलं, मग पुन्हा नीट केलं.  मही सिपरवर गेली की केतकी दुसऱ्यांदा जाणार, हे दोघांनाही स्वच्छ कळलं होतं आणि ते बोलून दाखवायची हिंमत कुणातच नव्हती.

हर्षदाबाई कामचुकार नव्हत्या. त्यांनी सगळे उपाय केले. दोन कानांचा सिपर आणला, चोचीतली झडप काढून टाकली म्हणजे पाणी आपोआप येईल, पाण्याऐवजी ताक घातलं, वरणाचं पाणी घातलं. महीने प्रत्येक पेय फरशीला पाजलं. शेवटी त्यांनी आपल्याकडचा जुना डाव टाकला. मुलाला एखादी गोष्ट सोडायला लावायची असली की ‘हे आता आजीचं हं’ म्हणून आपण त्याला चिडवतोच.

“नको ना तुला सिपर? मग अदलाबदल! ही बाटली आजीची. आजी झाली बाळ आणि बाळ झालं आजी. बघ, पिऊ का? पिते हं!”

आणि महीला चिडवायला त्यांनी निपल तोंडात धरून एक ओढ घेतली.

मही बघतच राहिली. मग खदखदून हसली. आणि आजी जसं करते तसं करायचं म्हणून तिने सिपर दोन्ही हातांनी उचलला, चोच तोंडात घातली आणि घटाघटा दोन घोट प्यायली.

हर्षदाबाईंनी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण तोंडात दूध होतं. गोड, पातळ, फॅट तीनच्या आसपास, असं जिभेने आपसूक सांगून टाकलं, आणि मग ते घशाखाली गेलं. आपण काय प्यायलो हे त्यांना तेव्हा कळलं.  अकरा महिन्यांत केतकीचा आवाज ऐकला नव्हता, हात धरला नव्हता, आणि आता तिचं काहीतरी ऊन ऊन पोटात उतरत होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं.

हा खेळ रोज चालला. दुपारची बाटली सुटली, मग अकराची, मग संध्याकाळची. मही सिपर घेऊन घरभर हिंडू लागली, वरण-भात खाऊ लागली. खेळ महीसाठी आहे, हे पहिले सहा-सात दिवस खरं होतं. त्यानंतर मही झोपलेली असतानाही हर्षदाबाई स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊ लागल्या. चौथ्या आठवड्यात महीने झोपतानाची बाटलीही सोडली, तीही आपण होऊन, तोंड फिरवून. हर्षदाबाईंनी ते ओजसला सांगितलं नाही.

“कडं अजून हिरवंच आहे,” एकदा डबा भरताना तो म्हणाला. आटायला लागलेल्या गाभ्याचं कडं पिवळं होतं, हे केंद्रातल्या पत्रकात छापलेलं होतं.

“झोपताना घेते की ती अजून,” हर्षदाबाई पोळी लाटत म्हणाल्या.

त्याने डब्याचं झाकण लावलं. हे ऐकून त्यालाही बरंच वाटलं असावं.

दूध बदलतंय हे हर्षदाबाईंना कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षांची जीभ होती ती. दूध दाट होत होतं, किंचित खारट लागत होतं. आणि त्यांचे गुडघे, जे जिना चढताना रोज देवाची आठवण करून देत, ते गप्प झाले होते. दूध कुणासाठी बदलतंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लेकीला आपलं दुखणं कळलं, या विचाराने त्यांना रडूच येई. केतकी असताना फोनवर जेमतेम पाच मिनिटं बोलणं व्हायचं, त्यात गुडघ्यांचा विषय कधी निघालाच नव्हता.

एका रविवारी दुपारी महीला ताप चढला. एकशे दोन. डोळे लाल, नाक गळतंय, अंग चुलीसारखं. सिपर समोर धरला की ती हाताने उडवून लावी आणि किंचाळे. शेवटी ओजसने बाटली उचलली.

“घे बाळा. आईचं आहे हे. आई बरं करेल तुला. घे.”

हर्षदाबाई दारात उभ्या होत्या. ‘नको’ एवढाच शब्द त्यांनी उच्चारायला हवा होता. तो तोंडातून निघाला नाही.

महीने अधाशासारख्या दोन ओढी घेतल्या. मग थांबली. तोंड वेडंवाकडं केलं, दूध ओठांतून बाहेर ढकललं आणि बाटलीकडे अशी बघू लागली की जणू कुणी अनोळखी बाई तिला उचलून घ्यायला आली आहे. आणि मग ती जी रडायला लागली ती काही केल्या राहीना.

“नासलंय की काय?” ओजसने वास घेतला.  “आई, गाभ्याला काही झालं असेल. चला, केंद्रात जाऊ.”

केंद्रात महीला औषध दिलं, ताप उतरू लागला आणि ती ओजसच्या खांद्यावर झोपली. साधाच विषाणू होता. डॉक्टर मुजावर बाटलीतलं दूध घेऊन आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

“या दुधात महीच्या तापावर काहीही नाही,” त्या म्हणाल्या. “तिची लाळ बरेच दिवस आत गेलेलीच नाही. कॅल्शियम दुप्पट आहे. आणि सांध्यांची सूज उतरवणारं एक प्रथिन आहे, जे आजवर आम्ही कुठल्याच गाभ्यात पाहिलं नव्हतं. पेशी कुणासाठी तरी ते नव्याने शिकल्यात. मावशी, गुडघे कसे आहेत तुमचे?”

“बरे आहेत,” हर्षदाबाई म्हणाल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, “एकदम बरे आहेत.”

ओजसला समजायला थोडा वेळ लागला. तो ओरडला असता तर हर्षदाबाईंना सोपं गेलं असतं.

“मी तिला सांगत होतो, आई,” तो हळू आवाजात म्हणाला. “आईचं आहे, घे, असं सांगत होतो. आणि तुम्ही तिथेच उभ्या होता.”

“चुकलं माझं. पण माझ्या पोटची आहे ओ ती. मी कशी आटू देऊ? तिला माझं दुखणं कळलं, ओजस. न सांगता कळलं.”

“तिला नाही कळलं, मावशी,” डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “पेशींना कळलं. आत जी लाळ येईल तिला त्या उत्तर देतात, एवढंच.”

“मग केतकी म्हणजे काय होती, मॅडम? पेशीच की नाही?”

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. 

“तुम्ही एकट्या नाही,” त्या म्हणाल्या. “राज्यात आज एकशे चाळीस बाटल्या अशा आहेत की ज्यांची मुलं केव्हाच सिपरवर गेली. एकीचा मुलगा तर सात वर्षांचा आहे. बाटल्या हिरव्याच. कोण ओढतंय ते आम्ही विचारलेलं नाही, विचारायची भीती वाटते. बाळांची भूक आम्ही फार बारकाईने मोजली होती. घरातल्या बाकीच्यांना भूक असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही ओढत राहिलात तर हा गाभा जगेल. किती वर्षं ते सांगता येत नाही, कदाचित तुमच्यामागेही. पण दर दिवशी तो तुमचा होत जाणार. केतकीच्या बाळासाठी जे दूध होतं, ते आत्ताच उरलेलं नाही.”

हर्षदाबाईंनी ओजसच्या खांद्यावर झोपलेल्या महीकडे बघितलं. हनुवटीवर दूध वाळलं होतं, पोरीने थुंकलेलं. त्यांनी बोटाला पदर गुंडाळून ते पुसलं.

“आटवते,” त्या म्हणाल्या.

“इथे ठेवून जा. थंड करून बंद करतो, अर्ध्या तासाचं काम आहे.”

“नको. परक्या जागी नको. घरी नेते.”

“घरी दोन दिवस लागतील. आतलं दूध ओतून टाका आणि ओढायचं नाही. अठ्ठेचाळीस तास पेशी वाट बघतात. तेवढ्यात एक ओढ मिळाली तरी परत भरतात. त्यानंतर मात्र परतीचा रस्ता नाही. आणि आणखी एक गोष्ट. बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो, तशी सोय या बैठकीत केलेली आहे. रडणं ऐकू आलं की ती गाभ्याला निरोप देते. पान्हा फुटला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेव्हा मही दोन दिवस घरात नको.”

“माझ्या बहिणीकडे नेतो सांगलीला,” ओजस म्हणाला.

“आणि मावशी, तुम्हीही रडायचं नाही. कोण रडतंय ते बैठकीला ओळखता येत नाही.”

“मग बंद खोलीत ठेवली तर?” ओजसने विचारलं.

“जाणाऱ्या माणसाला खोलीत एकटं कोंडतात होय?” हर्षदाबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी बाटलीतलं दूध कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं, बाटली स्वच्छ धुतली आणि बैठकीवर ठेवली. ओजस निघताना ओट्यापाशी आला. त्याने बाटलीला हात लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि महीला घेऊन भराभरा जिना उतरून गेला. रडायला त्याला रस्ता मोकळा होता.

हर्षदाबाईंनी कामं काढली. डबे घासले, तांदूळ निवडले, गहू निवडले, निवडलेले गहू पुन्हा निवडले. खुर्ची ओट्यापाशीच ठेवली होती. आटवायला घेतलेल्या गाईची कास पहिल्या दिवशी तटतटते आणि ती गोठ्यात हंबरत राहते. संकलन केंद्राच्या मागेच एक गोठा होता, तेव्हा हर्षदाबाई अशा वेळी उठून दूर जात. बाटली हंबरत नव्हती. कड्याचा हिरवा रंग मधूनच फिका होई आणि परत गडद होई. दर वेळी त्या पदराचं टोक दातांत धरून बसत.

मंगळवारी दुपारी कडं पिवळं पडलं. केतकी पहिल्यांदा शाळेत गेली तो दिवस, तिला गोवर आला तो आठवडा, तिचं लग्न, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं, पाढे म्हटले. आईने लेकीच्या उशाशी बसून रडायचंही नाही, असलं मरण त्यांनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ओजसचा फोन आला. “आई, ताप गेला. आज तिने सिपरमधून पेज प्यायली, सगळी. स्वतः धरून.” आणि मागून महीच्या रडण्याचा आवाज आला, काहीतरी लागलं असावं, आजीला हाक मारून रडत होती. हर्षदाबाईंनी झटकन फोन कापला. कापला आणि कड्याकडे बघितलं. ते पिवळंच होतं. जिवंत नातीचा आवाज आपण असा बंद केला, या गोष्टीचं त्यांना नंतर बराच वेळ काय करावं ते कळेना.

बुधवारी दहा वाजले. काही झालं नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी कडं विझलं. आवाज झाला नाही, काही हललं नाही. हर्षदाबाईंनी काच हाताने चाचपली. ती अजून कोमट होती, मग हळूहळू तीही गार झाली. कुणाला कळवायचं असा प्रश्न मनात आला, आणि कळवण्यासारखं काही नाही हेही लगेच कळलं. केतकीचं सुतक वर्षभरापूर्वीच फिटलं होतं. लोकांच्या हिशेबी आज या घरात कुणीच गेलेलं नव्हतं.

नियम काटेकोर पाळायचा म्हणून त्यांनी आणखी अर्धा तास जाऊ दिला. मग पदर तोंडातून काढला आणि हर्षदाबाई रडल्या. दोन दिवसांचं, वर्षभराचं, सगळं मोकळेपणाने, गळा काढून रडल्या. रडता रडता त्यांची नजर बाटलीवर होती.

रडणं ऐकूनही बाटलीत काही आलं नाही. त्यांनी डोळे पुसून नीट बघितलं, आणि मग आणखी मोठ्याने रडायला सुरुवात केली.